दारासाठी बसणारी बाई

“मी गाडीत बसते, पण गाडी कुठे जात नाही,” असं मर्टल पार्डो एकदा म्हणाली होती.

तिच्या नवऱ्याला, लेनला, इस्पितळात भरती केलं त्या दिवसाची गोष्ट. टेबलामागच्या मुलीने तिला विचारलं, तुम्ही काय काम करता. मर्टलने खरं तेच सांगितलं. मुलगी पेन वर धरून थोडी थांबली आणि मग तिने ‘शिवणकाम’ असं लिहिलं. तेही खोटं नव्हतं. मी मर्टलच्या शेजारीच उभी होते, आणि कारखान्यातही तिच्या शेजारीच बसायचे. आम्ही दोघी पाउंटनी मोटर्समध्ये गाड्यांच्या गाद्या शिवायचो. चामडं कापायचं, घोड्याचे केस भरायचे, दाभणाने टाके घालायचे. पण शिवण मला येत होती, आणखी सातजणींना येत होती. गाडीत बसणं मात्र तिचं एकटीचं होतं.

कारखाना ब्यूडली गावाच्या खालच्या अंगाला, सेव्हर्न नदीला चिकटून होता. हिवाळ्यात नदी चढली की आम्ही शिवणखात्यातली चामडी वरच्या फळीवर टाकायचो आणि पाणी उतरायची वाट बघायचो. थोरल्या मालकांचे, एबल पाउंटनींचे वडील घोडागाड्या बनवायचे. सगळ्यात जास्त खप शववाहिन्यांचा, कारण त्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, असं ते म्हणायचे. एबल पहिल्या महायुद्धावरून परतले आणि वडिलांच्या घोडागाडीच्या सांगाड्यात त्यांनी इंजिन बसवलं. पहिली गाडी तीन चाकांची. ती चढावर उलटी घसरत एका पाद्र्याच्या कुंपणात शिरली, आणि भरपाई म्हणून पाद्र्याने तीच ठेवून घेतली. पाउंटनीचं पहिलं गिऱ्हाईक ते.

मग चार चाकांची आली. तिचं नाव ‘टेन’. अरुंद होती, उंच होती, दिसायला एखाद्या बुजऱ्या मास्तरासारखी. बर्मिंगहॅमचे मोठे कारखाने एका सकाळी जितक्या गाड्या बाहेर काढत, तितक्या आमच्या वर्षभरात होत नसत. आमच्या गाड्या घ्यायचे ते खेड्यांतले डॉक्टर, सुइणी, पाववाले. ज्यांना दोन कुंपणांमधल्या वाटेतून जावं लागे असे लोक. दुसऱ्या महायुद्धात आम्ही रुग्णवाहिका बांधल्या. युद्ध संपलं तेव्हा देशात पोलाद मिळेना. मोठे कारखाने अडून पडले आणि आमचे दिवस आले, कारण आमच्या गाडीचं अंग लाकडाचं होतं. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मोठ्यांचा दुष्काळ हाच आमचा सुकाळ. पाउंटनीचा इतिहास कुणी लिहिला तर तो एवढाच भरेल, आणि कुणी लिहिणार नाही.

लाकडी सांगाडा जिवंत असतो असं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. तो वाकतो, एवढंच. माणूस आत बसला की बैठकीखालची चौकट किंचित खाली जाते आणि दाराची जागा आवळते. रिकाम्या गाडीला नीट बसलेलं दार माणूस बसल्यावर अडकतं. म्हणून आमच्याकडे दार लावताना गाडीत माणूस बसवायचा रिवाज होता. तो बसला की क्लेम हॅन्कॉक्स बाहेरून बिजागऱ्या लावणार, कडेवरून रंधा फिरवणार, फटीतून एक पेनीचं नाणं सगळीकडे फिरवून बघणार. पेनी कुठे अडली नाही, कुठे पडली नाही, की दार झालं.

क्लेम दारवाला. थोरल्या मालकांच्याही आधीचा वाटावा इतका जुना माणूस. वाळूची पोती ठेवून का भागत नाही, असं त्याला कुणीतरी विचारलं होतं. क्लेम म्हणाला, वाळू मेलेली बसते. माणूस टेकतो, कोपर बाहेर काढतो, कूस बदलतो, श्वास घेतो. दार माणसासाठी आहे, पोत्यासाठी नाही.

युद्धाआधी हिशेबखात्यातला एक कारकून बसायचा. तो सैन्यात गेला. क्लेम शिवणखात्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, बाजारात मेंढ्यांवरून फिरवतात तशी. “तू ये, पोरी,” तो मर्टलला म्हणाला. “पाद्र्यापेक्षा जाड, खाटकापेक्षा बारीक. तू म्हणजे आमचं सगळं गिऱ्हाईक.” आम्ही खूप हसलो. मर्टलही हसली. ती तेव्हा भरलेल्या अंगाची होती, गालांवर लाली, दंड लाटण्यासारखे. ती जाऊन बसली आणि त्यानंतर पाउंटनीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीत सगळ्यांत आधी तीच बसली. एकाही गाडीतून ती फाटकाबाहेर गेली नाही. तिला कुणी नेतो म्हणालं नाही, आणि तिनेही कधी मागितलं नाही.

लेन पार्डो, तिचा नवरा, वरच्या माळ्यावर सांगाडे बांधायचा. अ‍ॅशच्या फळ्या पावसापासून दूर ठेवून वर्षानुवर्षं सुकवायच्या, मग कापायच्या, सांधायच्या आणि तयार सांगाडे आढ्याला टांगून ठेवायचे. सांधे आपापसात मुरावे लागतात. एकेक खाली उतरायचा तो कधी कधी वर्षाने. बोलण्यात लेन कंजूष. चहाच्या सुट्टीत तो मर्टलच्या शेजारी बसून पाव नि चरबी खायचा आणि दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. “तुमचं भांडण झालंय का?” असं मी एकदा विचारलं, तर मर्टल म्हणाली, “भांडायलाही बोलावं लागतं गं, बाई.” पण लेनचा सांगाडा खाली आला आणि ती त्यात बसली की तिचा हात आपोआप चौकटीच्या आतल्या अंगावर जायचा, जिथे पुढे अस्तर येणार असे, जिथलं कुणालाच दिसणार नसे. तिथेही लेन घासून गुळगुळीत करायचा. त्याची गरज नव्हती. ते तिला एकटीला माहीत होतं.

लेन फेब्रुवारीत गेला. छातीचं दुखणं होतं. लाकडाचा भुसा की सिगारेट, यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. मूठमाती दिली त्या दिवशी नदी चढलेली होती, आणि मर्टल सोमवारी कामावर आली.

आमच्याकडे दुःखातल्या माणसाला हवेबद्दल विचारतात. आम्ही तिला हवेबद्दल विचारलं. तिने हवेबद्दल सांगितलं. ती रडली नाही, चुकली नाही, तिचे टाके पूर्वीइतकेच सरळ पडत. फक्त काहीतरी बंद झालं होतं, जसं वरच्या मजल्यावरचं यंत्र बंद झालं की खालच्यांना बराच वेळ कळतच नाही. चहाच्या सुट्टीत ती पाव उलगडायची, त्याचे चौकोनी तुकडे करायची, तुकडे ओळीत मांडायची आणि परत कागदात गुंडाळायची. मी पाहायचे. सगळ्याच पाहायच्या. त्या वसंतात तिचा झगा खांद्यावरून उतरायला लागला. मग तिने स्कर्टला कमरेशी सेफ्टीपिन लावली. नंतर ती पिन आणखी आत सरकली. बाईमाणसाच्या अंगाबद्दल, आणि तेही विधवा झालेल्या बाईच्या, कोण काय बोलणार? क्लेम हाक मारायचा, ती जाऊन बसायची. लेनचे सांगाडे आढ्याला अजून टांगलेले होते. तो गेल्यावरही ते एकेक करून खाली येत राहिले, पगार चालू राहावा तसे. ती बसायची, हात आतल्या अंगावर न्यायची, क्लेम पेनी फिरवायचा, दार व्हायचं.

उन्हाळ्यात गाड्या परत यायला लागल्या.

आधी एक पाववाला आला. म्हणाला, दार लावतो तर उघडत नाही, उघडतो तर लागत नाही. क्लेमने त्यालाच खडसावलं, गाडी खड्ड्यात घातलीस का म्हणून. मग एक डॉक्टर आला. मग नर्स यार्नल्ड, टेनबरीकडची सुईण, भारदस्त बाई. तिला बाळंतपणाला जायचं होतं आणि दार उघडेना. ती खिडकीतून बाहेर आली. “अर्धी मी बाहेर होते आणि अर्धी आत,” ती अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आणि घरातली बाई ओरडत होती, ढकला, ढकला. मला कळेना कुणाला म्हणतेय.” सगळे हसले. धाकटे मालक हसले नाहीत.

धाकटे मालक म्हणजे जेफ्री पाउंटनी. थोरले गेल्यावर कारखाना त्यांच्याकडे आला. माणूस वाईट नव्हता. पोलाद परत मिळू लागलं होतं, मोठे कारखाने सुटले होते, आणि एका दूधसंघाने आमच्याकडून थोड्या गाड्या चाचणीसाठी मागवल्या होत्या. त्या आवडल्या तर पुढची दोन वर्षं कारखाना चालणार होता. दूधवाल्याचा दिवस दार उघडण्या-लावण्यातच जातो. आमचं दार अडकत होतं.

त्यांनी क्लेमच्या बिजागऱ्या तपासल्या. ठीक होत्या. पत्रा तपासला, तोही ठीक. जे उरलं ते लाकूड. लेन शेवटचं वर्षभर आजारी होता, जिना चढताना थांबायचा. अशा माणसाने घाईत ओलं लाकूड वापरलं असेल, ते आता आकसतंय, असं धाकट्या मालकांनी काढलं. कुणीही तेच काढलं असतं.

क्लेम म्हणाला, “लेनने ओलं लाकूड वापरलं? त्यापेक्षा बिशप गुत्त्यात नाचतो म्हणा, मालक. ते मी मानीन.”

“मग दुसरं कारण सांग, क्लेम.”

ठरलं असं की ऑगस्टच्या सुट्टीआधी आढ्यावरचे लेनचे सगळे सांगाडे उतरवायचे, फोडायचे आणि भट्टीत घालायचे. नवे सांगाडे बाहेरून बनवून घ्यायचे. धाकटे मालक हे सांगायला स्वतः शिवणखात्यात आले, टोपी हातात धरून. मर्टलला म्हणाले, यात लेनचा दोष कुणी मानत नाही. आजारी माणूस होता. तिने ऐकून घेतलं. मग दाभणात दोरा ओवला.

मी तिला म्हटलं, “अगं, काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“तो असलं काम करणारा नव्हता म्हणून सांग.”

“त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी जाळणार आहेत.”

पुढच्या आठवड्यात नर्स यार्नल्डची गाडी दुरुस्त करायला अंगणात उभी होती. क्लेमने मर्टलला हाक मारली. ती बसली, दार ओढलं, दार लागलं. उघडलं, पुन्हा लागलं. पेनी सगळीकडून फिरली. “काही झालेलं नाही हिला,” क्लेम स्वतःशीच पुटपुटला. तेवढ्यात नर्सबाई स्वतःच गाडी न्यायला आल्या. म्हणाल्या, सरक पोरी, मी दाखवते. त्या बसल्या. गाडीने हलका आवाज केला, गुडघा मोडताना येतो तसा. दार ओढलं. अडलं.

क्लेमने शिवी दिली आणि रंधा शोधायला गेला. मर्टल तिथेच उभी राहिली. ती दाराकडे बघत नव्हती. नर्सबाईंच्या मांड्यांखाली दबलेल्या गादीकडे बघत होती, जी गादी तिनेच शिवलेली होती. मग तिचा हात कमरेच्या पिनेवर गेला. तिथेच राहिला.

त्या दुपारी ती परत येऊन गाद्याच शिवत बसली.

पाउंटनी पुढे तीनच वर्षं चालली. दूधसंघाने गाड्या घेतल्या, त्या चांगल्या चालल्या, आणि मग एका मोठ्या कारखान्याने तशीच गाडी निम्म्या वजनात काढली. आता तिथे गालिचे विकतात. क्लेम कारखाना बंद होण्याआधीच वारला. मर्टल शेवटपर्यंत शिवणखात्यात होती. नंतर ती किडरमिन्स्टरला बहिणीकडे राहायला गेली, एका शाळेत पडदे शिवायची. तिथे मी तिला दोनदा भेटले. अंगाने ती परत भरली होती, आणि ते तिच्यावर दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं दिसत होतं. यातलं काहीच मी तिला विचारलं नाही. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचाय तो सुट्टीआधीचा शेवटचा दिवस.

सकाळपासून माळ्यावरचे सांगाडे दोरांनी खाली सोडत होते. अंगणात भिंतीला टेकून ते ओळीने उभे राहिले, बिनकातड्याची जनावरं उभी असावीत तसे. दोघेजण कुऱ्हाडी घेऊन आले. शेजारी भांडाराचा मोठा वजनकाटा होता, ज्यावर आम्ही घोड्याच्या केसांची पोती तोलायचो. मर्टल शिवणखात्यातून उठली. तिने कातर खाली ठेवली, अंगणात गेली आणि काट्यावर चढून उभी राहिली.

कुऱ्हाडवाले थांबले. त्यांतला एक म्हणाला, “मर्टल, पोत्यांचा काटा आहे तो. तुला काय भावाने विकायचंय?” कुणी हसलं नाही, म्हणून त्याने कुऱ्हाड खाली टेकवली.

ती क्लेमला म्हणाली, “वजन बघ.”

क्लेम म्हणाला, “उतर पोरी. असलं काय करतेस चारचौघांत?”

“बघ म्हटलं ना.”

क्लेमने काट्यावरची वजनं सरकवली. तो बराच वेळ वाकून राहिला. एवढ्यात धाकटे मालक कार्यालयातून बाहेर आले, कारण कुऱ्हाडींचा आवाज यायला हवा होता तो आला नव्हता.

क्लेमने मान वर केली नाही. “साडेसात,” तो म्हणाला. “साडेसात स्टोन. तू दहाची होतीस गं.” चौदा पौंडांचा एक स्टोन; पस्तीस पौंड गेले होते.

मर्टल काट्यावरच उभी होती. कुणाशी भांडत असल्यासारखी नाही, कुणाची वाट बघत असल्यासारखीही नाही. ती धाकट्या मालकांना म्हणाली, “लाकडाचा दोष नाही, मालक. मी कमी भरते. दारं माझ्या मापाने लागलीत.”

एवढंच. त्या वर्षात ती सलग इतकं बोललेली मला आठवत नाही.

धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला. बाईच्या वजनाबद्दल तिच्यासमोर काय बोलतात हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते क्लेमकडे बघायला लागले. क्लेम म्हणाला, त्याला दिसत होतं. रोज खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता त्याला. पण माणूस वाळला की दार चुकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. “मी दाराकडे बघत होतो,” तो म्हणाला.

मग जे व्हायचं ते पटापट झालं. स्वयंपाकघरातून डॉट प्रीस्टला बोलावलं. ती चहा आणि मटाराची उसळ करायची, आणि दहा स्टोनच्या थोडी वरच असेल. नर्स यार्नल्डची गाडी अजून तिथेच होती. डॉट बसली, क्लेमने बिजागऱ्या सैल केल्या, रंधा मारला, पुन्हा आवळल्या. दुपारी नर्सबाईंना बोलावून बसवलं. दार लागलं. उघडलं. लागलं. नर्सबाई म्हणाल्या, आता आत अडकायचं कारण गेलं, आता मला प्रत्येक बाळंतपणाला वेळेवर जावं लागणार. धाकट्या मालकांनी कुऱ्हाडवाल्यांना सांगितलं, सांगाडे परत वर चढवा. एक खाली ठेवा, दूधसंघाच्या गाडीसाठी.

क्लेम मालकांना बाजूला घेऊन बोलला. मला ऐकू आलं. तो म्हणत होता, महिनाभर थांबा. माझी बायको तिला जेवू घालील, मटण, बटाटे, पुडिंग. ती परत भरेल. मर्टलइतकं शांत कुणी बसत नाही.

मालक म्हणाले, “दूधसंघ महिनाभर थांबणार नाही, क्लेम. डॉट बसेल. आजपासून.” मग ते मर्टलकडे वळले. “मिसेस पार्डो, तुमचे उपकार झाले. शिवणखात्यात तुमची जागा आहेच. ती कधी जायची नाही.”

तिने मान डोलावली. काट्यावरून ती कधी उतरली ते मी पाहिलं नव्हतं.

लेनचा तो सांगाडा आत आणला, चाकांवर बसवला, वर बैठकीची फळी टाकली. सुट्टीच्या आधीचं शेवटचं काम. बाकीच्या बायका पर्स घेऊन निघण्याच्या बेतात होत्या. सुट्टीत सगळ्या समुद्रावर जाणार होत्या, तोंडं तिकडेच लागलेली. डॉटने एप्रन सोडला, चौकटीला धरून वर चढली, फळीवर बसली. म्हणाली, “देवा, किती टणक. मर्टल, तू इतकी वर्षं यावर कशी बसलीस गं? मला तर उशी लागेल.” मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि ती उगीच हात चोळत बसली. तिचे हात मांडीवर होते. चौकटीच्या आतल्या अंगाला तिचा हात लागला नाही, आणि लागायचं काही कारणही नव्हतं.

“बसलीस?” क्लेमने विचारलं.

“बसले.”

क्लेमने दार उचललं, बिजागऱ्यांवर टेकवलं. खिशातून पेनी काढली. ती फटीत घालण्याआधी सवयीने त्याने खिडकीतून आत पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

मर्टल माझ्या शेजारी उभी होती. तिने बोटातलं अंगुस्तान काढून बाकावर ठेवलं. खुंटीवरून कोट घेतला. उन्हाळा होता, तरी तिने तो अंगात घातला आणि सगळी बटणं लावली. भोंगा अजून वाजला नव्हता. क्लेम पेनी हातात धरून उभा होता. ती त्याच्या आणि गाडीच्या मधून गेली, अंगणातून गेली. फाटकावरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अडसर उचलला. ती बाहेर गेली.